पाऊण

मी चौथीपर्यंत शिकले. चांदवडकडच्या आमच्या गावात शाळा तेवढीच होती. पाचवीसाठी दुसऱ्या गावाला जावं लागे आणि मुलीला कोणी पाठवत नसे. गुरुजी आमच्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. पाऊणकीत मला वर्गात कोणी हरवलं नाही. पुढे आयुष्यभर ती कोणी विचारलीही नाही.

नाशिकला मुलाकडे राहायला आले तेव्हा नात सहावीत होती. संध्याकाळी मी भाजी निवडायची, ती शेजारी बसून गणितं करायची. एकदा म्हणाली, "छत्तीसचे थ्री बाय फोर किती?"

"म्हणजे काय गं?"

तिनं वर तीन, खाली चार असं काढून दाखवलं.

"मग पाऊण म्हण की. छत्तीसचे पाऊण सत्तावीस."

तिनं मागचं पान उघडून उत्तर पाहिलं आणि माझ्याकडे बघतच राहिली. त्या दिवसापासून ती माझ्याजवळच बसायची. मी तोंडी हिशेब सांगायची, ती पटापट उत्तर लिहायची. ते दोन-तीन महिने मी बरी होते.

मग परीक्षेचा पेपर आला. उत्तरं बरोबर, पण तीन-तीन मार्कांना एकेकच मार्क. पायऱ्या कुठे आहेत, असं बाईंनी लाल पेनानं लिहिलं होतं. पालकसभेत त्यांनी सुनेला विचारलं, मुलगी शेजारच्या मुलीचं बघून लिहिते का? घरी येऊन सून मला म्हणाली, "आई, तुम्ही आता राहू द्या. तुमच्या वेळचं वेगळं होतं." मुलगा मोबाइल बघत होता. त्याला ऐकू आलं होतं.

मी राहू दिलं नाही. नातीला म्हटलं, "तू मला पायऱ्या शिकव." तिला गंमत वाटली. माहीत नसलेल्या आकड्याला एक्स म्हणायचं, इथपासून तिनं सुरुवात केली.

"इकडचं तिकडे नेलं ना आजी, की चिन्ह बदलतं."

"का बदलतं?"

"बदलतं म्हणजे बदलतं. बाईंनी सांगितलंय."

मी तिला तराजू सांगितला. एका पारड्यातून पाच काढले, तर दुसऱ्यातूनही पाच काढावे लागतात. "अय्या, एवढंच?" म्हणाली. जुन्या डायरीत मी ओळीखाली ओळ लिहून गणितं सोडवायला लागले. मला ती यायला लागली होती.

ती सातवीत गेली आणि सुनेनं क्लास लावला. "आई, आता तुम्ही काही सांगू नका हं, तिचा गोंधळ होतो." नात तिथेच उभी होती. गोंधळ होत नाही, असं तीही म्हणाली नाही.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी ती वही घेऊन माझ्याकडे आली. एका वर्गातल्या मुलांच्या संख्येच्या पाऊणपटीत पाच मिळवले तर बत्तीस होतात, वर्गात मुलं किती? "आजी, मागे उत्तर छत्तीस आहे. माझं एकोणपन्नास आणि काहीतरी अपूर्णांक येतोय."

मी वही हातात घेतली. दुसऱ्याच ओळीत चूक होती. पाच पलीकडे नेले होते, पण चिन्ह बदललं नव्हतं. बत्तीसचे सदतीस झाले होते. वर्गात एक तृतीयांश पोरगं बसवलंस का गं, एवढं म्हटलं असतं तरी ती हसली असती आणि चूक तिला दिसली असती.

मी वही मिटून परत दिली. "मला काय कळतंय? क्लासच्या बाईंना विचार."

"आजी, तुला येतं हे."

"नाही येत."

ती वही घेऊन गेली. मी मेथी निवडत राहिले. मला बरं वाटलं. लिहायला बसलेच आहे, तर तेही लिहिते.

चाचणीत तसलंच गणित आलं. तिनं तीच चूक केली. पेपर तिनं आईला दाखवला, बापाला दाखवला. मला दाखवला नाही. मी तो तिच्या पांघरुणाची घडी करताना पाहिला आणि होता तसा उशीखाली ठेवून दिला.