तीन पायऱ्यांवरचे बाथरूम

सिंधूताईंनी आयुष्याची छत्तीस वर्षे रेजा म्हणून काम केले. गवंड्याच्या हाताखाली विटा, रेती आणि कालवलेल्या सिमेंटच्या मसाल्याची घमेली वाहणाऱ्या बाईला नागपुरात रेजा म्हणतात. त्यांनी वाहिलेल्या मसाल्यातून किती बंगले उभे राहिले याची गणती कोणी ठेवली नाही, आणि त्यांपैकी एकाही बंगल्याचा संडास वापरण्याची परवानगी त्यांना कधी मिळाली नाही. तरीही त्या घराची परीक्षा संडासावरूनच करीत. काम संपले की त्या फरशीवर तांब्याभर पाणी ओतीत आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहत. पाणी मोरीच्या जाळीकडे गेले तर तो गवंडी. दाराकडे आले तर, त्यांच्याच शब्दांत, "नुसतं पँट घातलेलं घमेलं."

अशा बाईच्या स्वतःच्या घरात जे बाथरूम बांधले गेले, त्याचे वर्णन येथे नीट केले पाहिजे.

नागपूरच्या इंदोरा वस्तीतले ते घर त्यांनी आणि त्यांचे पती धोंडबा यांनी सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हातांनी उभे केले होते. पश्चिमेला दार, पुढे बैठक, मध्ये एक खोली आणि स्वयंपाकघर, मागे अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात संडास आणि न्हाणी. त्या घराला कोणी सुंदर म्हटले नसते, परंतु त्यात कोणी कोठे अडखळतही नव्हते. धोंडबांनी तीस वर्षे कळमन्याच्या बाजारात धान्याची पोती वाहिली. गेल्या वर्षी बसमधून उतरताना ते पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशननंतर हाती वॉकर आला. मुलगी माया त्यांना कुहीला आपल्या घरी घेऊन गेली, आणि तेवढ्या तीन महिन्यांत मुलगा प्रेमानंद याने घर नवे करून घ्यायचे ठरवले.

धोंडबांनी फोनवर एकच अट घातली.

"बाकी तुले जे कराचं ते कर गा प्रेमा. मले तिथं माझ्या पायानं जाता आलं पाह्यजे. म्या जिंदगीभर पोती उचलली. मले कोणी पोत्यासारखं उचलून संडासले नेत असन, तं मी कुहीलेच राह्यतो."

"बाबा, एकदम हॉटेलसारखं करून देतो," प्रेमानंद म्हणाला. तो हिंगण्याच्या एका कारखान्यात होता आणि हॉटेलात आयुष्यात दोनदा राहिला होता.

काम विहंग नावाच्या तरुणाकडे दिले गेले. तो स्वतःस डिझायनर म्हणवीत असे. त्याच्याजवळ ओळंबा नव्हता, फूटपट्टी नव्हती. मोबाईल होता, आणि मोबाईलमध्ये दिशा दाखवणारा काटा होता. तो काटा त्याने घरभर फिरवला आणि मागचा संडास ईशान्येला निघाला म्हणून तोंड वाकडे केले.

"आजी, ईशान्येत टॉयलेट म्हणजे सीधा दोष असते. वायव्येत बेस्ट."

"दोष कोणाचा?" सिंधूताईंनी विचारले.

"घराचा."

"घर म्या बांधलं. मंग माझाच न?"

विहंग हसला आणि मोबाईल घेऊन बैठकीकडे वळला.

सिंधूताईंच्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्या दिवशी घरातले सर्व देव टोपलीत घालून नदीला नेऊन सोडले होते. त्या घरातल्या नातवाने संडासाला दिशा शोधावी, ही गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरेना.

"प्रेमा, तुझ्या आज्यानं सारे देव सोडले, अन तू संडासाचं तोंड कुठं कराचं ते पाहून राह्यला?"

"आई, मी कुठं मानतो? आमचे सुपरवायझर म्हणत होते, उद्या घर विकाचं झालं तं गिऱ्हाईक पाह्यते हे सारं."

"म्हणजे ज्यानं घर घेतलंच नाही त्याच्यासाठी संडास बांधून राह्यला. अन ज्याचं घर आहे तो कुहीले बसला."

प्रेमानंद त्यावर कंपनीच्या बसची वेळ झाली म्हणून निघून गेला.

वायव्य कोपरा बैठकीत, मुख्य दाराच्या शेजारी येत होता. मैल्याचे चेंबर मात्र मागे अंगणातच राहिले, कारण महानगरपालिकेची गटारे विहंगच्या काट्याप्रमाणे फिरत नाहीत. पुढून मागे तीस फूट पाइप न्यायचा, त्याला ढाळ द्यायचा, म्हणून बाथरूमची जमीनच दीड फूट वर उचलावी लागली. अशा रीतीने बैठकीत, सोफ्याच्या समोर, तीन पायऱ्या चढून जायचा संडास तयार झाला. भिंतीवरच्या बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी त्यासाठी दुसरीकडे हलवाव्या लागल्या. बसणाऱ्याचे तोंड उत्तरेला पाहिजे म्हणून कमोड आडवा बसवला. परंतु त्या बाजूला खोलीची रुंदी भरत नव्हती, त्यामुळे बसणाऱ्याचे गुडघे भिंतीला टेकत. दार दुधी काचेचे होते. आत दिवा लावला की बसलेल्या माणसाची सावली सोफ्यावरच्या पाहुण्यास स्पष्ट दिसे. नळ मात्र सोनेरी होते.

काम सोपवण्याच्या दिवशी सिंधूताई तांब्या घेऊन पायऱ्या चढल्या आणि त्यांनी पाणी ओतले. पाणी क्षणभर थांबले, मग दाराखालून निघाले, तिन्ही पायऱ्या शिस्तीने उतरले आणि सोफ्याखाली गेले.

"पाह्य बाप्पा," सिंधूताई म्हणाल्या. "तुह्या पाण्यालेबी वास्तू समजते. पाहुण्याकडंच चाल्लं."

"आजी, वायपर माराचा न मंग," विहंग म्हणाला.

सिंधूताईंनी कमरेला खोचलेली सुतळी काढली. मागच्या आठवड्यात कुहीला जाऊन त्यांनी धोंडबांचा वॉकर त्या सुतळीने मापला होता आणि रुंदीवर गाठ मारली होती. ती सुतळी त्यांनी दारावर धरली. गाठ चौकटीच्या बाहेर चार बोटे राहिली.

"आजोबा तिरपे जातील न," विहंग म्हणाला.

हाड जोडलेला पंचाहत्तर वर्षांचा माणूस तीन पायऱ्या चढून तिरपा आत जाईल, असे त्याने उघड्या डोळ्यांनी आणि चार माणसांसमोर म्हटले. त्याच्याशी पुढे बोलणे सिंधूताईंना कमीपणाचे वाटले.

पंधरा दिवस गेले, आणि धोंडबा रविवारी येणार होते. गुरुवारी सकाळी प्रेमानंद बसने हिंगण्याला गेला, आणि दहा मिनिटांनी रामाजी गवंडी सायकलवरून दारात उतरले. सिंधूताईंनी त्यांच्या हाताखाली वीस वर्षे घमेली वाहिली होती. रामाजींनी बैठकीत उभे राहून ती तीन पायऱ्यांची रचना पायापासून माथ्यापर्यंत पाहिली आणि टोपी काढली.

"सिंधूबाई, हे कोण मेलं वं इथं? कोणाची समाधी आहे?"

"अक्कल मेली. कमोड काढा अन मांगं न्या."

"ईशान्येत?"

"तुम्ही तं मानता न ते सारं. भेव वाटते काय?"

"आमच्या घरी संडासाचा ढाळ पाह्यतात. तोंड कोण पाह्यते वं त्याचं?"

मागची न्हाणी बंद करून विहंगने संडासावर प्लायवूड ठोकून धुण्याचे मशीन ठेवले होते. ते सरकवण्यासाठी सिंधूताईंनी सून भावना हिला हाक मारली. ही नव्या बाथरूमची बाजू घेईल, अशी त्यांची समजूत होती. भावना आली ती पदर खोचून आणि हातात हातोडा घेऊन.

"तू काहून एवढी घाईत आली वं?"

"आई, पंधरा दिवस झाले मी शेजारच्या इंदूबाईंकडं आंघोळीले जाऊन राह्यली," भावना म्हणाली. "त्या काचेत कोण उभं राहीन? समोर यांचे दोस्त बसून राह्यतात."

"मंग बोलली काहून नाहीस?"

"तुम्ही बोलल्या तं काय झालं?"

सिंधूताईंनी मशीनचे एक टोक धरले.

दुपारपर्यंत जुने भांडे निघाले आणि कमोड मागे बसला. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराचा उंबरठा फोडून अंगणापर्यंत जमीन सपाट केली. संडासाच्या दाराची चौकट रुंद केली आणि दोन्ही भिंतींना लोखंडी दांडे ठोकले. फरशी ओढण्याची वेळ आली तेव्हा सिंधूताईंनी थापी रामाजींच्या हातून घेतली. छत्तीस वर्षांत कोणत्याही ठेकेदाराने त्यांच्या हाती थापी दिली नव्हती. रेजाने वाहायचे आणि गवंड्याने ओढायचे, असाच तो नियम होता. त्यांनी गुडघे टेकून, एका हाताने जमीन चाचपत, जाळीकडे ढाळ ओढला. रामाजी शेजारी उभे राहून विडी ओढत होते आणि त्यांनी एकही चूक काढली नाही.

संध्याकाळी प्रेमानंद परतला. नव्या बाथरूममध्ये कमोडच्या जागी भोक पाहून तो दारातच थांबला.

"आई! एवढं नवीन काम फोडलं? लोक काय म्हणतीन?"

"लोक तं पंधरा दिवसांपासून म्हणूनच राह्यले. तुही सावली पाहून म्हणून राह्यले."

प्रेमानंदने भावनाकडे पाहिले. भावना भाजी निवडत राहिली. त्याने मागे जाऊन नवी फरशी पाहिली, भिंतीतले दांडे हलवून पाहिले. ते हलले नाहीत. मग तो आत आला आणि जेवायला बसला.

रविवारी मायाच्या नवऱ्याच्या गाडीतून धोंडबा उतरले. त्यांची वळकटी गाडीतच होती, आणि कुहीच्या तांदळाचे एक पोतेही होते.

"वळकटी राहू दे," ते मायाला म्हणाले. "आधी पाह्यतो."

बैठकीत त्यांनी वॉकर थांबवला आणि दुधी काचेकडे बराच वेळ पाहिले.

"हे काय गा प्रेमा? तिकिटं विकते काय कोणी इथं बसून?"

धोंडबा पुढे निघाले. मधली खोली, स्वयंपाकघर, जेथे उंबरठा होता ती जागा, अंगण. प्रेमानंद हात पुढे करून मागे चालू लागला, तेव्हा सिंधूताईंनी त्याची बाही धरून त्याला थांबवले. वॉकर चौकटीतून सरळ आत गेला. दार लागले, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

सर्व माणसे अंगणात उभी राहिली. काही वेळाने आत पाणी ओतल्याचा आवाज झाला. सिंधूताईंची नजर दाराच्या खालच्या फटीवर होती. फट कोरडी राहिली.

धोंडबा बाहेर आले. त्यांनी धोतराला हात पुसले.

"फरशी कोणं ओढली?"

"म्या," सिंधूताई म्हणाल्या.

धोंडबांनी मान हलवली आणि मायाला हाक मारली. "माया, वळकटी आण माझी."

मायाने वळकटी आणली. तिच्या नवऱ्याने तांदळाचे पोते पाठीवर घेतले आणि ते कोठे ठेवायचे असे विचारले. सिंधूताईंनी बैठकीकडे बोट केले.

"त्या काचेच्या खोलीत ठेवा, तीन पायऱ्या चढून. भोकावर पाट टाका. सोन्याचे नळ लागले आहेत, तांदूळ खुश राहीन."