बियाण्यातली फ्लॉपी

केशरमावशी फ्लॉपीला ‘पलापी’ म्हणायची. बेळगावात सहा महिन्यांचा कंप्युटर कोर्स करून, सर्टिफिकेटला प्लॅस्टिकचं कव्हर घालून मी रामनगरला आलो, तेव्हा त्या वस्तूबद्दल मला तिच्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती होती. पण फ्लॉपी कशी सांभाळायची ते तिला कळलं, मला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना माझ्याकडून कुणी फार अपेक्षा ठेवणार नाही.

सुप्याच्या धरणाचं पाणी वर चढलं तेव्हा शिसवाळी बुडाली. ज्यांच्याकडं घराचे कागद होते त्यांना रामनगरात प्लॉट मिळाले. ज्यांच्या घराला कागदच नव्हता, नुसत्या भिंती होत्या, ती माणसं रानात, नात्यागोत्यात पांगली. अशा मागं राहिलेल्यांनी पुढं एक संघ काढला. चौऱ्याण्णव साली वरच्या कचेरीनं सांगितलं, दिवाळीपर्यंत यादी आणा. घर कुठं होतं, माणसं किती, आणि साक्षीला एक शेजारी. शेजारी नात्यातला नको. यादीत नाव असेल त्याला प्लॉट, नसेल त्यानं पुन्हा विचारायला यायचं नाही.

ती यादी करायला संघानं मला ठेवलं होतं, आणि केशरमावशी संघाच्या ऑफिसात झाडलोट आणि चहा करायची. पन्नाशी ओलांडलेली, सडसडीत, कुणब्याची बाई. नवरा नाही, मूल नाही. माहेर आणि सासर दोन्ही शिसवाळीतच, म्हणजे दोन्ही एकाच पाण्यात गेलेलं. भाऊ वारल्यावर भावजय फुला तिच्याच खोपीत राहायला आली. दोघींचं भांडण रोजचं होतं आणि रोज एकाच गोष्टीवरून होतं. 

“नणंदंच्या चुलीवर किती वरसं फुंकू?” फुला म्हणायची. “मला माझं दार पायजे.”

“मग माझं कुठलं सोन्याचं हाय?” मावशी म्हणायची. पण यादीत फुलाचं नाव आलं का, हे ती मला दर दोन दिवसांनी विचारायची. स्वतःचं एकदासुद्धा विचारलं नाही.

संघाचा कंप्युटर कुणीतरी वापरून टाकलेला होता. त्यात हार्डडिस्क नव्हती. समोर दोन फटी, एकीत प्रोग्रॅमची फ्लॉपी, दुसरीत यादीची. यंत्र बंद केलं की त्याच्या डोक्यात काहीही उरायचं नाही. सगळी शिसवाळी त्या काळ्या, पोस्टकार्डापेक्षा थोड्या मोठ्या, लवचिक चौकोनात. मी रोज संध्याकाळी तिची एक नक्कल काढायचो आणि दोन्ही एका डब्यात ठेवायचो. मला त्याचा अभिमान होता.

आषाढात एकदा केर काढता काढता मावशी डब्यापाशी थांबली.

“मास्तर, ही यादी किती ठिकाणी हाय?”

“दोन. एक अस्सल, एक नक्कल.”

“दोन्ही कुठं?”

“ह्याच डब्यात की.”

“मग एकच म्हण. आग लागली तर आग इचारत बसती व्हय, अस्सल कुठली आन् नक्कल कुठली?”

मी हसलो. तिनं केरसुणी टेकवली आणि मला बियाणं कसं ठेवतात ते सांगितलं. भाताचं बी पेंढ्यात बांधून मुडी करायची. एक मुडी आपल्या घरात, दुसरी दुसऱ्या गावात, बहिणीच्या नाहीतर मामाच्या घरी. मधे वाट असली पाहिजे, जमलं तर ओढाही. तिच्या लहानपणी शिसवाळीतली एक आळी जळाली होती, त्या वर्षी पेरणी झाली ती नंदिगड्ड्याला ठेवलेल्या मुड्यांवर.

“आन् नुसतं ठेवून भागत न्हाई,” ती म्हणाली. “अधनंमधनं धा दाणे काढायचे, वल्या फडक्यात बांधायचे. उगवलं तर बी. न्हाईतर कोंबड्यांचं खाणं.”

मग दर शनिवारी तिसरी नक्कल काढून मी तिच्या हातात द्यायची, असं तिनं ठरवूनच टाकलं. ती फ्लॉपी तिच्या खोपीत, पत्र्याच्या डब्यात, भाजून कोरड्या केलेल्या तांदळांवर राहायची. सोमवारी घेऊन यायची, मशीनमध्ये घालायला लावायची आणि विचारायची, “उगवली काय?” मी पडद्यावर कुठलंतरी घर काढून दाखवायचो, मग ती फ्लॉपी परत घेऊन जायची. अक्षर तिला येत नव्हतं, पण आपल्या घराची ओळ पडद्यावर कितवी, ते तिनं मोजून ठेवलं होतं.

एक गोष्ट कबूल करायला हवी. श्रावणात ऑफिसातल्या फ्लॉप्यांना पांढरी बुरशी आली. आमच्या जोयडा भागातल्या पावसात चामड्याच्या चपलेला येते तशी. मावशीच्या तांदळावरच्या फ्लॉपीला ठिपकासुद्धा नव्हता. मी गुपचूप ऑफिसच्या डब्यातही भाजल्या तांदळाची पुरचुंडी ठेवली आणि सेक्रेटरी भिकाजीअण्णांना सांगितलं, ही बेळगावची पद्धत आहे.

इतकं शिकूनही शहाणपण आलं नाही. नक्कल काढायला वीस मिनिटं लागायची, वीज मधेच गेली तर चाळीस. शनिवारी मला घरी जायला खानापूरची गाडी पकडायची घाई. श्रावण संपता संपता एका शनिवारी मी नक्कल न काढताच तिची फ्लॉपी तिला परत दिली. कुणाला कळलं नाही. पुढच्या शनिवारीही तेच. सोमवारी ती विचारायची, “उगवली?” आणि मी म्हणायचो, “उगवली गो मावशे, कापणीला आली.” पडद्यावर जुनी यादी दिसायची, त्यात तिची ओळ जागेवर असायची. ती समाधानानं चहा ठेवायला जायची.

मधल्या काळात बरीच घरं आली. फुलाचं घरही तेव्हाच आलं. ते नदीकाठचं, ओळीतलं शेवटचं घर. पलीकडं पाणी, अलीकडं एकच शेजार, बाळीआजीचा. नव्वदीची आजी कुणाच्या तरी पाठीवर बसून ऑफिसात आली, अर्जावर अंगठा उठवला आणि म्हणाली, “फुलीच्या परसातली दोडकी मी चोरायची, ल्हिव ते पन.” पितृपक्षात ती वारली.

खंडेनवमीला मी गावी होतो. आमच्या ह्या भागात त्या दिवशी कोयत्यापासून लॉरीपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. भिकाजीअण्णा भाविक माणूस. त्यांनी कंप्युटरला झेंडूची माळ घातली, कोहळा फोडला. मग त्यांच्या मनात आलं, यंत्र म्हणजे नुसतं शरीर, जीव तर ह्या फ्लॉप्यांत. त्यांनी डबा उघडला, एकेक फ्लॉपी पाकिटातून काढली. फ्लॉपीला खाली एक लांबोळकी खिडकी असते, तिच्यातून आतली चकती उघडी दिसते. अण्णांना ती कपाळासारखी दिसली. ओलं कुंकू, वर अक्षता. अस्सललाही, नकलेलाही, प्रोग्रॅमलाही. पंक्तिप्रपंच केला नाही.

दसऱ्यानंतर मी आलो. टेबलावर सगळ्या सवाष्णींसारख्या मांडून ठेवलेल्या. मी ओल्या कापसानं पुसल्या, उन्हात धरल्या, फुंकर मारली. एक घातली, यंत्रानं खरखर केलं. दुसरी घातली, तसंच. कुंकू आता यंत्राच्या फटीतही गेलं होतं, तेव्हा थांबायला हवं होतं. तिसरी घातली.

“काय म्हणतंय?” अण्णांनी विचारलं. कुंकवाचं बोट त्यांनी अजून धुतलं नव्हतं की काय, मला तसं वाटलं.

“वाचता येत नाही म्हणतंय.”

“अर्ज हायेत की कपाटात.”

कपाट भिंतीला लागून होतं. टाइप झालेले अर्ज मी दाराच्या फटीतून आत सरकवायचो, कंप्युटर आल्यापासून ते कुणी उघडलं नव्हतं. दार ओढलं तर आत वाळवीनं मातीचं सुबक वारूळ बांधलेलं. अर्ज म्हणून जे उरलं होतं ते हातात घेतल्यावर भुगा झालं.

मावशी दारात उभी होती. तिला दुःख झालेलं दिसत नव्हतं, उलट जरा ऐटच होती.

“थांबा,” ती म्हणाली. “बियाणं हाय माझ्याकडं.”

ती डबा आणायला गेली. तेवढ्या वेळात मी फटी साफ करून घेतल्या. एरवी खानापूरला घरी असलेली प्रोग्रॅमची जुनी फ्लॉपी ह्या खेपेला सुदैवानं पिशवीत होती. मावशीची फ्लॉपी घातली. खरखर नाही, काही नाही, लोण्यासारखी चालली. एकशे त्रेचाळीस घरं. यादी होती दोनशे एकतीस घरांची.

“उगवली?” तिनं विचारलं.

अण्णा उठून बाहेर गेले होते म्हणून असेल, किंवा खोटं सांगायला आता जागाच नव्हती म्हणून, मी सगळं सांगितलं. गाडीची घाई, शनिवार, कापणीला आली म्हणून केलेली थट्टा.  तिनं एकच विचारलं.

“फुला हाय त्यात?”

“नाही.”

ती खाली बसली. तांदळाचा डबा मांडीवर घेतला आणि झाकण घट्ट लावलं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, पण ती तेवढी सोय करणारी नव्हती. उठली आणि म्हणाली, “दिवाळीला किती दीस हायेत?”

“अठरा.”

“चप्पल बदल. जळवा लागतील.”

त्यानंतरचे पंधरा दिवस मी तिच्या मागून चाललो. नंदिगड्ड्याकडची रानं, उळवीच्या वाटेवरची खोपटी, जिथं जिथं शिसवाळीची माणसं होती तिथं. मी वही घेऊन नाव, गाव विचारायला लागलो की ती मला हातानं गप्प करायची. तिची पद्धत वेगळी होती.

पहिल्याच दिवशी लखू गावडा भेटला, अंगणात दावं वळत बसलेला. 

“लखू, तुझ्या पागोळीचं पाणी कुणाच्या दारात जायचं?”

“झिलूच्या. त्याच्यावरनं तर आमची मारामारी.”

“आन् तुझ्या दारात कुणाचं यायचं?”

“वरल्या देवकीचं. का गो? पाणी तर आता सगळ्यांचं एकच झालंय.”

“हसू नकोस. झिलूच्या घरात माणसं किती होती? देवकीच्या?”

असं प्रत्येकाकडून तिनं तीन घरं घेतली: एक त्याचं, एक वरचं, एक खालचं. शिसवाळी उतारावर होती, त्यामुळं पागोळीच्या पाण्यानं सगळी घरं एकमेकांना बांधलेली. कुणी सापडला नाही, कुणी गोव्याला गेलेला, तरी त्याचं घर हरवत नव्हतं. वरचा आणि खालचा मिळून ते पुन्हा उभं करायचे, आणि दोघांचं जुळलं नाही तर तिथं काहीतरी चुकलंय हे लगेच कळायचं. साक्षही त्यातच मिळून जायची, आणि जुन्या यादीतल्यांचेही अंगठे मी वाटेत नव्यानं घेत गेलो. बेळगावात आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं.

बाराव्या दिवशी एका झऱ्यापाशी आम्ही आंबील पीत बसलो होतो. सत्त्याऐंशी घरं वहीत आली होती. 

मी म्हणालो, “आता फुलामावशीचं.”

“तिच्या खाली नदी,” ती म्हणाली. “वर बाळी. बाळी न्हाई. बाळीच्या वर मी. मी नणंद.”

“मावशे, बाळीआजीनं माझ्यासमोर अंगठा उठवला होता. मला तोंडपाठ आहे. मी परत टाइप करतो. खोटं कुठं आहे?”

“अंगठा कुठाय?”

“वाळवीनं खाल्ला. पण बाकी कुणाचेच जुने अंगठे नाहीत.”

“त्यांनी नवे दिले.” तिनं आंबिलीचा तांब्या खाली ठेवला. “उद्या वरचा सायब म्हणाला, ह्या बाईनं आपल्या भावजयीला मेलेल्या माणसाच्या साक्षीवर घुसवलं, तर बाकीच्या दोनशे तीसांकडं तो कशा नजरनं बघंल? तुला ठावं न्हाई. मी बघितलीया ती नजर.”

“मग गाळायचं?”

“गाळायचं न्हाई. नाव घाल. घर घाल. साक्षीचा रकाना मोकळा ठेव. खरं हाय तेवढंच घाल.”

मी तसंच केलं. यादीच्या पाच नकला काढल्या, प्रत्येक तिच्यासमोर वाचून दाखवली, दोनशे एकतीसच्या दोनशे एकतीस ओळी. तिनं अर्ध्यात थांबवलं नाही. पाच फ्लॉप्या पाच गावांत गेल्या. अण्णांना एकही दिली नाही, ते रागावले. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तिनं फुलाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी फुला ऑफिसात आली, माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, “मास्तर, तुझी गाडी चुकली न्हाई ना कधी?” एवढंच. ते मला अजून पुरतंय.

माघात उत्तर आलं. दोनशे तीस मंजूर. एक, साक्षीअभावी, नामंजूर.

मावशीला प्लॉट मिळाला, तीस बाय चाळीसचा. तिनं मधोमध कुडाची भिंत घातली आणि दारं दोन केली. रस्त्याकडचं फुलाला दिलं, आपलं मागच्या बाजूला. भांडणं चालूच राहिली, फक्त आता ती कुडाच्या पलीकडून व्हायची आणि दोघींनाही ओरडावं लागायचं. आळीतली माणसं म्हणायची, ह्यांच्यामुळं घड्याळ घ्यायची गरज नाही.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात केशरमावशी तापानं गेली. प्लॉट तिच्या नावाचा, वारस कुणी नाही. कचेरीतून संघाला पत्र आलं की त्या जागेत राहणाऱ्या बाईनं हक्क दाखवावा, नाहीतर जागा परत जाईल. साक्षीला दोन शेजारी, नात्यातले नकोत. फुला तो कागद घेऊन ऑफिसात आली आणि खुर्चीवर न बसता उभीच राहिली. 

“ह्या खेपेला आधीच सांगून टाक,” ती म्हणाली. “कुठं जायचं ते.”

मी तिला बसवलं आणि आळीत गेलो. फक्त दोघं हवे होते. येताना माझ्यामागून एकतीस माणसं आली. चार वर्षं तिचा आवाज ऐकलेली, तिच्या परसातली दोडकी खाल्लेली, कुडाच्या दोन्ही बाजूंची भांडणं पाठ असलेली. नात्यातलं एकही नव्हतं. शाईचा पॅड कोरडा पडला, तेव्हा त्यात पाणी घालून अंगठे घेतले.

फुलाचा अंगठा शेवटी घेतला. तिनं बोट पदराला पुसलं नाही. तसंच निळं ठेवून घरी गेली आणि मागचं दार, मावशीचं, उघडून दिवसभर त्यात बसून राहिली.