दाजींनी पिकअप उंच केली

आमचे दाजी गाद्या विकतात. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की त्याच्या पाठीकडे नुसतं बघून त्याला कुठली गादी मानवेल हे ते सांगतात, आणि योगायोग असा की दुकानातली सगळ्यात महाग गादीच बहुतेकांना मानवते. मी त्यांची मेव्हणी. त्यांची टर उडवण्याचा हक्क मला ताईच्या लग्नाच्या दिवशीच मिळाला आणि मी तो कधी वाया घालवलेला नाही.

तर या मऊपणाच्या व्यापाऱ्याकडे एक जुनी पिकअप आहे. मूळची ती त्यांच्या वडिलांची. बाबा शहराबाहेरच्या डोंगरावर एकटे राहतात, मधमाश्या पाळतात, आणि पूर्वी मधाचे डबे याच गाडीतून खाली आणायचे. मग वय झालं, गाडी मुलाला दिली, आणि गाडीबरोबर सल्लेही दिले. सल्ले दाजींनी वरच ठेवले, गाडी तेवढी खाली आणली.

भांडण झालं तेही गाडीवरूनच. एकदा दाजी तिला घेऊन डोंगरावर निघाले आणि घराच्या खालच्या ओढ्यात रुतून बसले. चाकं जागच्या जागी फिरत राहिली, चिखल दाजींच्या चष्म्यापर्यंत उडाला, शेवटी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढून काढावं लागलं. वस्तीवरची माणसं गंमत बघायला जमली होती. त्या सगळ्यांच्या देखत बाबा म्हणाले, "तुझ्या हातून ही गाडी पुन्हा इथवर चढायची नाही."

दुसरा कुणी असता तर हसून विषय सोडून दिला असता. दाजींनी तो धरून ठेवला. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की आता डोंगरावर जाईन तर याच गाडीने, स्वतः चालवत, नाहीतर जाणारच नाही. ताई म्हणाली, "बरं." तिला वाटलं, चार दिवसांत राग उतरेल. ताईचा नवऱ्याबद्दलचा अंदाज आजवर एकदाही बरोबर आलेला नाही, पण ती आशा सोडत नाही.

हे सगळं नुसतंच हसण्यावारी नेता आलं असतं, पण तेवढ्यात बाबांचे डोळे गेले. म्हणजे एकदम नाही. मोतीबिंदू होता, तो पिकत चालला. वस्तीवर डोळे तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना लवकर खाली आणा. फार उशीर केलात तर ऑपरेशन करूनही उपयोग होणार नाही." ताईने बाबांची विनवणी केली. बाबा म्हणाले, "मुलगा घ्यायला आला तर येईन. तो येत नसेल तर माझं इथं बरं चाललंय." बरं म्हणजे काय, तर भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात जायचं आणि माश्यांच्या पेट्या नुसत्या आवाजावरून ओळखायच्या.

आता साधा उपाय होता. भाड्याची जीप करायची, वर जायचं, बाबांना घेऊन यायचं. ताईने तो सुचवला.

"भाड्याच्या गाडीने गेलो तर त्यांचंच खरं झालं ना!" दाजी म्हणाले.

"होऊ दे की खरं. त्यांचे डोळे चाललेत."

"म्हणूनच म्हणतोय, त्यांना दिसतंय तोवर त्यांनी बघायला हवं. ही गाडी, मी चालवत, त्यांच्या दारात."

दाजी त्याच संध्याकाळी गॅरेजला गेले.

गॅरेजवाल्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नाही. सगळे त्याला 'होऊन जाईल' म्हणतात, कारण कुठल्याही प्रश्नाला त्याचं हेच उत्तर असतं. दाजींनी विचारलं, "खडकाळ चढावर जायचंय, गाडी उंच करता येईल का?" तो म्हणाला, "होऊन जाईल." आणि तिथून दाजींच्या आयुष्याला लागलेली उतरती कळा गाडीच्या उंचीबरोबर वाढत गेली.

आधी मागच्या स्प्रिंगचे पाटे बदलले, जाड आणि जास्त बाकदार. गाडी मागून वर आली आणि पुढून नाक खुपसल्यासारखी दिसायला लागली. म्हणून पुढूनही उचलली. एवढी उचलल्यावर छोटी चाकं शोभेनात, म्हणून मोठे टायर आले. टायर मडगार्डला घासायला लागले, म्हणून मडगार्ड कापले. ब्रेकच्या नळ्या ताणल्या गेल्या, त्या लांब करून घेतल्या. मग इंजिनातून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा तिरका झाला आणि सगळी गाडी थरथरायला लागली. त्याचं निवारण झाल्यावर कळलं की एवढे मोठे टायर फिरवताना इंजिनाची दमछाक होते, तेव्हा गिअर बदलणं आलं. दर वेळी दाजी काळजीच्या सुरात विचारायचे आणि दर वेळी 'होऊन जाईल' म्हणायचा की होऊन जाईल. सायलेन्सर मात्र कुणी सांगितलेला नसताना बदलला. आवाज भारदस्त हवा म्हणे. मग गाडी गल्लीत शिरली की समोरच्या घरातल्या आजी कानावर हात ठेवून खिडकी लावून घ्यायच्या.

त्या दिवसांत गाद्या कशा पोचत होत्या असं विचाराल, तर भाड्याच्या टेम्पोने. पिकअपचा हौदा इतका वर गेला होता की त्यात गादी चढवायची तर दोन माणसं हौद्यात आणि दोन खाली हवी होती, आणि दुकानात माणसं होती दोनच, दाजी आणि ताई. ताईला स्वतःलाच गाडीत चढायला दुकानातलं स्टूल लागायचं. ती स्टुलावर उभी राहून दार उघडायची आणि दाजी खालून म्हणायचे, "बघ, किती रुबाबदार वाटतं!" ताईच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे दिसायचं त्याला रुबाब म्हणत नाहीत.

आणि चालवायचे कुठे? दुकानासमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर. कोपऱ्यावर एक गतिरोधक आहे, त्यावरून सावकाश जायचे, वळून परत यायचे, आणि खाली उतरून टायरकडे असं बघायचे की जणू हिमशिखर सर करून आले. मग मऊ फडक्याने गाडी पुसायची. एकदा खड्ड्यातलं पाणी उडून दारावर चिखलाचा ठिपका पडला, तर त्यांचं जेवणात लक्ष लागेना. चिखलात जाण्यासाठी केलेली गाडी चिखलापासून जपण्यात त्यांचे दिवस चालले होते. मी विचारलं, "दाजी, डोंगराला इकडे बोलावू का?" ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मला तो आठवडा फार सुखाचा गेला.

या सगळ्या काळात ताई आणि मी डोंगरावर चालत जात होतो. सकाळी निघालं की जेवायच्या आत पोचता येतं, वाट काही इतकी वाईट नाही. डबा द्यायचा, औषधाचे थेंब घालायचे, झाडलोट करायची. बाबा दर खेपेला विचारायचे, "येतोय का तो?" आणि ताई सांगायची, "गाडीचं काम चाललंय, बाबा." ते हसायचे. पुढे पुढे हसायचे बंद झाले.

शेवटच्या खेपेला मी त्यांच्या अगदी समोर बसले होते. बाबांनी ताईला विचारलं, "आज एकटीच आलीस?" ताईने माझ्याकडे पाहिलं आणि मी मुद्दाम खोकले.

त्या संध्याकाळी ताई नवऱ्यावर ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडणं दाजींना चांगलं पचतं. तिने दुकानाच्या काउंटरवर डबा ठेवला आणि घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. दाजी गाद्यांच्या गठ्ठ्यावर बसले होते. गिअरचं थोडं काम राहिलंय, पुढच्या आठवड्यात नक्की, असं काहीतरी ते बोलायला लागले आणि मधेच थांबले. बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात भारदस्त आवाज झाला. ताई गाडीत बसलेली होती, स्टूल हौद्यात होतं. मीही चढले. हा तमाशा मी चुकवणं शक्यच नव्हतं.

खोटं कशाला बोलू, गाडी चढली. दगडांवरून बैलासारखी मान हलवत, पण कुठेही न अडखळता. आत बसलेल्या आम्हा दोघींची हाडं मात्र खिळखिळी झाली. शहराला आरामात झोपवणाऱ्या माणसाने स्वतःच्या बायकोला असं आदळत न्यावं, हेही मी मनात नोंदवलं. ओढ्यापाशी दाजींनी गाडी थांबवली, खाली उतरून पाणी बघितलं, परत चढले, आणि पलीकडे गेलो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलाचा आनंद होता. ओठांतल्या ओठांत ते काहीतरी घोकत होते. बाबांना सुनावायचं वाक्य असणार. माझंही एक तयार होतं, चांगलं धार लावून ठेवलेलं.

बाबा अंगणात काठी घेऊन उभे होते. चेहरा आमच्याकडे, पण नजर जरा भलतीकडेच. दाजी इंजिन बंद करून उतरले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. गाडी मागे उन्हात चकाकत होती.

"बाबा," दाजी म्हणाले, आणि पुढचं वाक्य काही आलं नाही.

"आलास?" बाबांनी हात पुढे केला, तो दाजींच्या खांद्याला लागला, मग गालाला. "बारीक झालास." मग ते गाडीच्या दिशेने चालू लागले. हात सवयीने दाराच्या मुठीकडे गेला. जिथे मूठ असायची तिथे नुसता पत्रा होता. त्यांनी तो चाचपला, खाली टायर चाचपला, तो त्यांच्या कंबरेपर्यंत येत होता.

"ही आपली नाही," बाबा म्हणाले. "आवाजही आपला नव्हता. कोणाची आणलीस?"

ताईने माझा दंड घट्ट धरला. एवढी सगळी खटपट ज्यांना दाखवण्यासाठी केली, ते शेजारी उभे होते आणि त्यांना काही दिसत नव्हतं. दाजींनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा बाबांच्या डोळ्यांकडे.

"भाड्याची आहे, बाबा."

"आणि आपली?"

"ती गॅरेजला आहे."

"चढली नसती ना?"

"नसती चढली."

"सांगितलं होतं मी," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला थोडाही आनंद ऐकू आला नाही.

माझं धार लावलेलं वाक्य मी गिळून टाकलं. मला दाजींबद्दल इतकी माया आधी कधी वाटली नव्हती, आणि रागही तितकाच आला, कारण 'नसती चढली' हे दोन शब्द ते वर्षापूर्वी बोलू शकले असते.

दाजींनी हौद्यातून स्टूल काढून दारापाशी मांडलं. एका बाजूने ते, दुसऱ्या बाजूने ताई, असं करत बाबांना वर चढवलं. ते सीटवर टेकले, श्वास लागला होता, काठी गुडघ्यांमध्ये धरली.

आता, त्या गाडीच्या त्या बाजूचं दार बाबांच्या काळापासूनच सरळ ओढलं तर लागत नाही. आधी जरासं वर उचलावं लागतं, मग आपटावं लागतं. एवढं सगळं बदललं, पण बिजागऱ्यांकडे 'होऊन जाईल'चं लक्षच गेलं नव्हतं. दाजी ते लावायला पुढे झाले, तेवढ्यात बाबांनी स्वतःच हात लांबवला, दार जरासं वर उचललं आणि आपटलं. एका झटक्यात लागलं.

दाजी बाहेर तसेच उभे राहिले. खिडकीच्या आत बाबा समोर बघत होते.

"चल," ते म्हणाले. "ओढ्यात सावकाश घे."