छेदात शून्य

"खाले बस, ये डोंगरी! तू माले शिकाडी ऱ्हायनी का?"

गणिताचे सर असे ओरडले की तिकडे नवापूरच्या पोल्ट्रीतल्या कोंबड्या आठवडाभर अंडी घालायचं विसरल्या असतील. एरवी छापील मराठी बोलणारा माणूस. चिडला की अहिराणीवर यायचा.

मी बसले नाही. फळ्याजवळ उभी. हातात खडू. दहावीच्या वर्गात सातपुड्यातून आलेली मी एकटी.

फळ्यावर सरांचं गणित होतं.

क्ष/(क्ष − ३) = ३/(क्ष − ३) + २

सरांनी दोन्ही बाजूंना छेदानं गुणलं, छेद उडवला, क्ष बरोबर तीन काढलं. खाली दोन रेघा, भोवती चौकट. देवाला मखर करतात तशी. मी उठून विचारलं, "सर, क्ष तीन ठेवला तर छेदात शून्य येतं ना?"

"मग? भागिले शून्य म्हणजे शून्य."

मी पुढे गेले. त्यांचंच शून्य त्यांच्याच गणितात ठेवलं. डावीकडे शून्य. उजवीकडे शून्य अधिक दोन.

"सर, मग शून्य बरोबर दोन झालं."

वर्ग असा हसला की पत्रे उडून तापीत पडले असते. मी चौकटीखाली लिहिलं : उकल नाही. तेव्हाच ती आरोळी आली.

आणि आरोळीनंतर छापील मराठी. हळू, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "तुमच्या लोकांचंच छेदात शून्य आहे. वर कितीही सवलती ठेवा, हाती काही लागत नाही. पाड्यात मोजायला असतं काय? मोहाची फुलं?"

आता वर्ग त्यांच्या बाजूनं हसला. तीच पोरं. तेच दात.

"पूस ते. तीन लिही. माफी माग. नाहीतर जिल्ह्याच्या गणित स्पर्धेला तुझं नाव जाणार नाही."

त्या स्पर्धेसाठी मी वर्षभर इतकी गणितं सोडवली होती की होस्टेलच्या भिंतीसुद्धा वर्गमुळं काढायला लागल्या होत्या. डस्टर समोर होतं. हात उचलला असता तर नाव राहिलं असतं. हात उचलला नाही.

तीन दिवस गणिताच्या तासाला उभं केलं. पायांना मुळं फुटायचीच बाकी होती. फळ्याचा तो कोपरा सरांनी कोणाला पुसू दिला नाही. माझ्याच हातानं पुसायला हवा होता त्यांना.

चौथ्या दिवशी मुख्याध्यापकांनी माझ्या बाला पाड्यावरून बोलावलं. आमच्या पाड्यात बकरा कापला की सागाच्या पानांवर घरागणिक वाटे पडतात, आणि ते बा घालतो. काटा नाही, माप नाही. नुसत्या नजरेनं. कमी वाटा कुठला हे मुंगीलाही सांगता येणार नाही.

बा वर्गात आला. दाराशीच चपला काढल्या. त्याला खुर्ची कोणी दिली नाही.

मुख्याध्यापक म्हणाले, "मुलगी सरांना चूक म्हणते. समजवा तिला."

बानं माझ्याकडे बघितलं. मी आमच्या बोलीत विचारलं, बकरा कापला, पण पाड्यात घर एकही नाही, तर एका घराला किती वाटा? सरांना वाटलं, मी गयावया करतेय. गालात हसले.

बानं जरा विचार केला. मग मुख्याध्यापकांकडे वळून, त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "सायेब, बकरा कापला, पन घरच नाय तं वाटा कोनाला? सवालच खोटा हाय."

मुख्याध्यापक फळ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं. लाल झालेल्या कानाच्या पाळ्यांवर दिसत होतं. पण ते बोलले नाहीत. कळूनही गप्प बसणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिला.

सरांनी स्पर्धेची यादी काढली, पेनाचं टोपण काढलं. "शेवटचं विचारतो. पुसतेस की नाव खोडू?"

"खोडा. ते पुसणार नाही मी."