शेडमध्ये पाठवलेली पोरं

"मावशी, दारात उभ्या राहू नका, उजेड अडतो."

चौथीच्या मॅडम असं म्हणाल्या आणि सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. पंचवीस गुरुजी-बाई, पुढं खुर्चीत केंद्रप्रमुख साहेब. त्या दिवशी आमच्या शाळेत शिक्षकांची परिषद होती. फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं होतं, 'मागे पडलेल्या मुलांसाठी उपक्रम', आणि खाली मॅडमचं नाव. उपक्रम माझा होता. मी दारातून सरकले. पण गेले नाही. भिंतीला टेकून खिडकीतून पाहत राहिले.

मी या शाळेत खिचडी शिजवते, आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. फुलसावंगीच्या पुढं आमचं गाव, दोन शिक्षकी शाळा. शाळा झाली तेव्हा मी इथंच शिकले, चौथीपर्यंत. वस्ती आमची बौद्धांची. वाचायची माझी पाळी आली की गुरुजी म्हणायचे, "तू जाय, आवार झाडून टाक." बाकीची पोरं कविता म्हणायची, मी झाडत झाडत ऐकायची. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "मारत तं नाही ना?" मारत नव्हते.

मॅडमही मारत नाहीत. चांगल्या आहेत. तरुण आहेत, मेहनती आहेत, गाडी चालवत येतात. गाणी घेतात, कार्डं वाटतात, मोबाइलवर हलणारी चित्रं दाखवतात. हुशार पोरं टाळ्या वाजवतात. ज्यांना येत नाही तीही वाजवतात, बाजूच्याकडे पाहून. टाळी वाजली म्हणजे कळलं असं नसतं. मला खिडकीतून दिसायचं. मॅडमला समोरून दिसत नव्हतं.

मग त्यांनी एक वाट काढली. तपासणी असली, नवीन धडा असला, की मागची तीन-चार पोरं माझ्याकडे. "जा, मावशीकडं तांदूळ निवडा." पोरंही शिकली होती. कोणी चुकलं की वर्ग ओरडायचा, "शेडमध्ये! शेडमध्ये!" माझं शेड म्हणजे ढ पोरांचा कोंडवाडा झालं होतं.

त्यांच्यात तांड्यावरची पायल होती. चौथीत, पण वर्गात तोंड उघडत नव्हती. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, शाळेत मराठी. मॅडमनं लिहून ठेवलं होतं, 'अबोल'. माझ्यापाशी पहिल्या दिवशी अर्धं सूप तांदूळ निवडला आणि म्हणाली, "माझी याडी यापेक्षा बारीक खडा काढते." मी म्हटलं, "तुही माय काढत असन. तू काढून दाखव." काढला.

मी शिकवायचं म्हणून काही केलं नाही. मला मदत हवी होती, गुडघे दुखतात. सकाळी प्रत्येक वर्गाची हजेरी येते, तेवढ्यांची खिचडी घालायची आणि तेवढीच ताटं काढायची. मी पायलला म्हटलं, "पहिली-दुसरीत मिळून अकरा, तिसरीत नऊ, चौथीत चौदा. ताटं काढ." ती एकेक मोजायला लागली, मध्येच विसरली. मी म्हटलं, "दहा-दहाच्या चळती लाव." तीन चळती झाल्या, वर चार सुटी. चौतीस. दुसऱ्या दिवशी वेगळी हजेरी, वेगळ्या चळती.

एकदा तिनं दोन ताटं कमी काढली. आमच्याकडे वाढणारा शेवटी जेवतो. शेवटी राहिली ती आणि तिच्याबरोबर वाढणारी दुसरी पोरगी. ताटही नाही, गंजात, त्या मोठ्या पातेल्यात, खिचडीही नाही, कारण तांदूळही तिच्याच मोजणीनं घातला होता. दुसरी तिला म्हणाली, "काहून मोजली नाही गं नीट? आता खाय दगड." मी माझ्या भाकरीचे दोन तुकडे केले. रागावले नाही, समजूतही घातली नाही. त्यानंतर पायल दोनदा मोजायची आणि वाढणाऱ्यांना धरून मोजायची.

महिन्याभरात ती बेरीज तोंडी करायला लागली. पोत्यावरची अक्षरं, भिंतीवरचा आहाराचा फलक बोट ठेवून वाचायला लागली. सोमवारी काय, मंगळवारी काय. वाचलं नाही तर मटकी भिजवायची राहते, हे तिला ठाऊक होतं.

मॅडमनं एक दिवस दारात उभं राहून हे पाहिलं. फोटो काढले. मला म्हणाल्या, "मावशी, किती छान!" मला बरं वाटलं. मी मूर्ख. मला वाटलं, त्या माझ्याबद्दल कुठंतरी सांगतील.

तर त्या दिवशी मॅडम सांगत होत्या, "मी असा विचार केला की मुलांना जीवनाशी जोडून शिकवावं." मी जळले. मी खोटं बोलत नाही, तो हेवाच होता. त्यांच्या खडूचा हेवा. इस्त्रीच्या साडीचा, 'मी असा विचार केला' असं पंचवीस माणसांपुढं म्हणता येतं त्याचा. विचार तर मीही केला होता. पण माझ्या विचाराला तोंड नव्हतं, हातच होते.

मॅडमनं पायलला पुढं बोलावलं. टेबलावर पुठ्ठ्याची ताटं मांडली होती, गोल कापलेली, लाल, हिरवी. मॅडम म्हणाल्या, "पायल, समज आपल्याकडे चौतीस मुलं जेवायला आहेत. ताटं लाव बरं."

पायलनं पुठ्ठ्याकडे पाहिलं. मग खोलीभर पाहिलं. हळूच म्हणाली, "जेवणार कोण हाय?"

सगळे हसले. साहेबही. मॅडम म्हणाल्या, "अगं, समज. समज की आहेत." पायलनं ताटांना हात लावला नाही. तिचे हात मागं गेले. साहेब म्हणाले, "राहू द्या मॅडम. हिला दडपण आलेलं दिसतं. दुसरं कोणी आहे का?"

मॅडमनं खिडकीकडे पाहिलं, थेट माझ्याकडे. डोळ्यांनी म्हणाल्या, या.

आणि मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. पडल्या ना तोंडावर? घ्या आता, करा उपक्रम. मी हलले नाही. पोरगी तिथं उभी होती, कान लाल झाले होते, आणि मी भिंतीला टेकून मजा पाहत होते. मागून एक गुरुजी बोलले, "पाठवा तिला, जाय पोरी, बाहेर खेळ." तेव्हा मला झाडूचा आवाज आला. माझ्याच हातातल्या झाडूचा. या पोरीला बाहेर काढणाऱ्यांत आता मीही होते. माझ्या जळण्याची किंमत ती देत होती.

मी आत गेले. म्हटलं, "पायल, पुठ्ठा सोड. हे समदे आज इथंच जेवणार हायेत. मोज."

खरंच जेवणार होते. त्यांचंही जेवण माझ्याच चुलीवर होतं. पायलनं मान वर केली. एकेका गुरुजीकडे बोट करत गेली. कोणी हललं की, "हालू नका जी." आता कोणी हसलं नाही. "पंचवीस. साहेब सव्वीस. मॅडम सत्तावीस." मग माझ्याकडे वळली. "तुम्ही अठ्ठावीस, मी एकोणतीस. दोन चळती आन् नऊ ताटं."

साहेबांनी विचारलं, "मावशी, तुमचं शिक्षण किती?"

"चौथी."

"वा! चौथी पास बाई चौथीला शिकवते. मग मॅडम, तुम्ही पगार कशाचा घेता?"

खोली फुटली हसून. मॅडमचा चेहरा उतरला. त्या घाईनं म्हणाल्या, "सर, मावशी फक्त मदत करतात. उपक्रम माझा आहे." आणि माझ्याकडे न पाहता, "मावशी, चहा आणा सगळ्यांना."

मी म्हटलं, "चहा माझं काम नाही. खिचडी माझं काम हाय, ते झालं. आन् या पोरीले मी शिकवलं. मदत नाही केली. शिकवलं."

चहा मॅडमनंच आणला.

परिषद उठल्यावर मॅडम शेडमध्ये आल्या. डोळे भरलेले. "मावशी, तुम्ही माझी लाज काढली."

"तुमच्या साहेबानं काढली. मी माझं मागितलं."

"तुमचं नाव टाकते ना मी अहवालात. सहकार्य म्हणून."

"सहकार्य नको. आन् अजून एक. उद्यापासून चुकलेली पोरं शेडमध्ये धाडू नका. धाडायची तं आख्खा वर्ग धाडा. हुशारांलेही ताटं मोजू द्या."

"पालक काय म्हणतील? आमची मुलं काय तांदूळ निवडायला पाठवतो?"

"पायलचे पालक काय म्हणत असतील?"

मॅडम निघून गेल्या. दोन दिवसांनी शाळा समितीचे अध्यक्ष आले. "बाई, वय झालं तुमचं. आता आराम करा. दुसरी पाहून राह्यलो आम्ही."

"पाहा," मी म्हटलं.

सोमवारी पायल पुन्हा आली. हातात सूप, मान खाली. मागून वर्गातून ओरडा, "शेडमध्ये!" मी सूप खाली ठेवलं, तिचा हात धरला आणि वर्गात गेले. तिला पहिल्या बाकावर बसवलं. तिच्या शेजारी मी बसले.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, हे काय?"

"तुम्ही शिकवा. हिले जिथं कळणार नाही तिथं मी सांगीन. तुम्हाले कळलं नाही तं तुम्हालेही."

हेवा गेलेला नाही. खडू हातात धरलेल्या बाईला पाहिलं की अजून आत जळतं, आणि मी ते विझवणार नाही. मात्र आता ते पोरीच्या अंगावर पडू देणार नाही. गंज चुलीवर चढवायला तासभर असतो. तो तास मी रोज या बाकावर बसणार. मला उठवायचं असेल तर चौदा पोरांसमोर हात धरून उठवावं लागेल.