शोभाताईंना न विचारता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी ऑफिसात किती बिस्किटं खाल्ली तेसुद्धा कबूल करतो.

इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या एका ऑफिसात मी आयटी सांभाळतो. दोनेक वर्षांपूर्वी आम्ही सगळ्या कॉम्प्युटरवरच्या नको असलेल्या नेटवर्क सर्व्हिसेस बंद केल्या. उगाच उघडी राहिलेली दारंच ती. चोर तिथूनच शिरतो. नियम मीच केला होता: आधी त्या त्या माणसाला विचारायचं, मग बंद करायचं. यादीत ‘विचारलं’ असा रकानाही मीच आखला. त्या रकान्याचं मला काय कौतुक!

सगळ्यांना विचारलं. शोभाताईंना नाही.

शोभाताई पत्रव्यवहार बघायच्या. ऑफिसात मराठी आम्ही दोघंच. त्यांच्याकडे गेलं की दोन चकल्या आणि अर्धा तास ठरलेला. आणि — आता घरच्या माणसाला काय विचारायचं? मी ‘विचारलं’मध्ये खूण केली आणि त्यांच्या कॉम्प्युटरवरचं फोल्डर शेअरिंग बंद करून टाकलं.

त्या ते वापरत होत्या. कॉरिडॉरमधल्या मशीनवर पत्र स्कॅन करायचं, बटण दाबून जागेवर परतायचं, की ते त्यांच्या फोल्डरमध्ये येऊन पडायचं. अशी पत्रं आठवड्याला दोन-तीनच. मी शेअरिंग बंद केल्यावर एक सापडेना, मग दुसरं. मॅनेजर अगदी प्रेमानं म्हणाली, विसरला असाल, शोभा.

त्या माझ्याकडे आल्या. “मी केलं होतं रे स्कॅन. की नव्हतं केलं?”

मला त्याच क्षणी कळलं. कळणार नाही कसं? त्या खुर्चीत बसेपर्यंत मी शेअरिंग गुपचूप सुरू केलं आणि म्हणालो, आता करून बघा. त्यांनी केलं. आलं.

“म्हणजे तेव्हाचं मीच विसरले,” त्या हळूच म्हणाल्या.

आणि मी — मी काय म्हणालो असेन?

“होतं असं, शोभाताई.”

त्या काहीच विसरल्या नव्हत्या.

पुढे त्या जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे, जाऊन स्मरणशक्तीची तपासणी करून आल्या. सगळं ठीक निघालं. पण डॉक्टरपेक्षा त्यांचा माझ्यावर जास्त विश्वास. ‘माझ्या हातून चूक व्हायला नको’ म्हणत त्यांनी वेळेआधीच नोकरी सोडली. निरोपाचं भाषण मीच केलं. लोक हसले, चांगलं झालं म्हणाले.

आता त्या लेकीकडे स्लाऊला असतात. परवा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला गेलो होतो. त्यांनी दाराला कुलूप लावलं आणि गॅस बघायला परत आत गेल्या. गाडीत बसल्या, पुन्हा उतरल्या, पुन्हा बघून आल्या.

“तुला माहितीच आहे माझं,” म्हणाल्या.

गॅस बंदच होता. दोन्ही वेळा. मी त्यांचा सीटबेल्ट लावून दिला आणि गाडी सुरू केली.