धाकटीचं मलईचं मशीन

धाकट्या जावेनं मलई काढायचं मशीन आणलं, त्या दिवशी मी तिच्या ओट्यावर बसून चहा प्यायले, मशीनचं तोंडभर कौतुक केलं आणि घरी येऊन भांडी आपटली. खोटं कशाला बोलू? जळलेच मी.

आणे पठारावर आमची दोन घरं शेजारी शेजारी. मधे काट्यांचं कुंपण. दोघींच्याही दावणीला शेळ्या. आमच्या घराण्यात आधीपासून मेंढरं-शेरडं, पण शेळीचं लोणी म्हणून काही मी कधी पाहिलं नव्हतं. म्हशीच्या दुधावर जाड साय धरते. शेळीचं दूध तापवून रात्रभर झाकून ठेवा, सकाळी नावाला पापुद्रा. मलई असते हो, पण ती दुधातच मुरून राहते, वर यायचं नाव घेत नाही. आणि ह्या बाईनं मोबाइलवर बघून आळेफाट्याहून हातानं फिरवायचं मशीन आणलं. वरती दुधाचं भांडं, बाजूला हँडल, पुढं दोन नळ्या. धार काढलेलं कोमट दूध ओतायचं, हँडल फिरवत राहायचं, आवाज एकसारखा लागला की तोटी सोडायची. एका नळीतून पातळ दूध, दुसरीतून मलई. ती घुसळली की पांढरंशुभ्र लोणी.

बरं, लोण्याचं एक सोडून दिलं असतं. पण त्या लोण्यानं माझ्या सासूबाई नेल्या.

त्यांना आम्ही दोघी आत्याबाई म्हणतो. माझी आई मी लहान असतानाच गेली. लग्न होऊन आले तेव्हा मला धड भाकरी थापता येत नव्हती. आत्याबाईंनी शिकवलं. माझी बाळंतपणं त्यांनी केली, डोक्याला तेल त्यांनी घातलं, नवऱ्याशी भांडण झालं तर बोलणी त्यालाच बसायची. पहिल्यापासून त्या माझ्याकडंच राहिल्या. मग मोठं दुखणं झालं. त्यातून उठल्या, पण तोंडाची चव गेली. म्हशीचं तूप सोसेना, माझी पेज घशाखाली उतरेना. मी डोकं धरून बसायची. आणि एक दिवस धाकटीनं भाकरीवर शेळीचं लोणी घालून दिलं, तर म्हातारीनं अख्खी भाकरी खाल्ली! वर म्हणाल्या, "अजून चतकोर दे गं."

आधी सकाळची न्याहारी तिकडं झाली. मग दुपारचं जेवण. मग, "आज इथंच पडते मी." माझ्या घरात त्यांची वाकळ घडी घालून पडलेली. कुंपणापलीकडून हसण्याचा आवाज आला की मी भाकरी करपवायची.

शेवटी मीही आळेफाटा गाठला. दुकानदारानं विचारलं, "शेळ्या किती? दूध किती निघतं?" मी म्हटलं, "ते ऱ्हाऊ द्या. हे हातानं फिरवायचं दिसतंय ना, ह्याच्यापेक्षा मोठं दाखवा." तो बिचारा समजावत होता, दूध थोडं असेल तर लहानच घ्या, मोठ्या मशीनच्या पोटातच मलई चिकटून बसते. पण मला कुठं मलई मोजायची होती? मला धाकटीपेक्षा मोठं पाहिजे होतं. बटणावर चालणारं घेतलं. घरी आणून ओट्यावर असं ठेवलं की कुंपणातून दिसलं पाहिजे.

दुकानदाराचं खरं निघालं. माझ्या शेळ्यांचं सगळं दूध ओतलं तरी मलई चमचाभर. मागून कोमट पाणी सोडलं तेव्हा पोटातली राहिलेली बाहेर आली. आतल्या चकत्या लगोलग धुवायच्या, होत्या त्याच क्रमानं बसवायच्या. एकदा चुकले तर मशीन असं थडथडायला लागलं की शेळ्या ओरडल्या. तरी मी जिद्दीनं शिकले. दोन-चार दिवसांची मलई साठवून लोणी काढलं, गरम भाकरीवर घातलं आणि आत्याबाईंना हाताला धरून घरी आणलं.

त्यांनी एक घास घेतला. चावला. मग ताट हळूच पुढं सारलं. "भूक न्हाई गं लेकी." अर्ध्या तासानं कुंपणापलीकडं जेवत होत्या.

मी मशीनला शिव्या दिल्या. मोठ्यानं. धाकटी आली धावत. लोणी बोटावर घेऊन हुंगलं, म्हणाली, "ताई, मशीन चांगलं हाय. बोकडाचा वास मारतोय लोण्याला."

"माझ्या घराला वास मारतो म्हण की सरळ!" मी उसळले. पण ती गेल्यावर हुंगलं, तर खरंच. आमचा बोकड दिवसभर शेळ्यांत अंग घासत फिरायचा. दुधात तो वास कधी कळला नाही, चहात आलं ठेचून टाकलं की संपलं. मलई निघाली तसा सगळा वास तिच्यात गोळा झाला.

आता कुणी म्हणेल, बोकड लांब बांधायचा. कसा बांधू? नवसाचा होता तो. आत्याबाई दुखण्यात होत्या तेव्हा मीच खंडोबाला बोलले होते, ह्या पायावर उभ्या राहू देत, बोकड सोडते. नवसाच्या बोकडाला आमच्यात दावं लावत नाहीत, कोंडत नाहीत. म्हणजे ज्यांच्यासाठी देवाला बोलले, त्याच माझ्या ताटावरून उठून जायला लागल्या. मला त्या दिवशी रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी शेवरीचा पाला घेऊन कुंपणाशी उभी. "ताई, बांधू नका. माज्याकडं येऊ द्या त्याला. पाला टाकते, ऱ्हाईल आपसूक."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! ने बाई, ने. आता तुझ्या लोण्याला वास सुटू दे, मग बघते कोण खातंय. बोकडही अस्सल, पाल्यामागं गेला तो तिकडचाच झाला.

माझं लोणी हळूहळू सुधारलं. एका सकाळी आत्याबाईंनी माझ्या चुलीपुढं बसून अर्धी भाकरी खाल्ली. मग पुरी. मग स्वतःच उठून वाकळ अंथरली. मी जिंकले! लोण्याची वाटी भरली आणि धाकटीला दाखवायला निघाले. हो, दाखवायलाच. मला तिचं तोंड बघायचं होतं.

तिनं मशीन जुन्या धडप्यात गुंडाळून फळीवर चढवलं होतं.

"का गं?"

"वास येतोय की लोण्याला. पोरं नाकं मुरडत्यात."

"मग बोकड नेताना कळलं नाय तुला?"

"कळलं व्हतं की." ती शेण भरत होती, मान वर न करता म्हणाली, "मला माहेरी, निमगाव साव्याला आई हाय, ताई. रुसले तर जाऊन बसते तिच्यापाशी. तुमी कुठं जाणार?"

मी वाटी तिच्या ओट्यावर ठेवली आणि तशीच घरी आले. आत्याबाई उन्हात बसल्या होत्या. म्हणाल्या, "ये, केस सुटलेत, तेल लावते." मी त्यांच्या पायाशी बसले. डोक्यावर हात फिरत होता आणि माझ्या मनात एकच, तिला अशा दोन आया आहेत.